सगळ्यात उंच पट्टी

रायनो कोस्केला शिकवायला उभा राहिला की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा पेंगायची थांबत. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या लेक सुपिरिअर सरोवराच्या काठावरच्या आमच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र घ्यावंच लागतं, आणि ते शिकवायचं रायनोनेच, हे इतकी वर्षं चालत आलं होतं की दुसरं कुणी शिकवू शकतं हे लोक विसरूनच गेले होते. छताला टांगलेला बोलिंगचा जड चेंडू तो ओढत स्वतःच्या नाकापर्यंत आणायचा, डोळे मिटायचा आणि सोडून द्यायचा. चेंडू पार पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायचा, नाकाच्या शेंड्यापाशी थबकायचा, आणि सभागृहातली तीनशे पोरं एकदम श्वास सोडायची. मग टाळ्या. रायनो टाय सारखा करायचा आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने फळ्याकडे वळायचा.

मला हे तोंडपाठ आहे, कारण तो चेंडू टांगायचे मी. प्रयोगाच्या सामानाची खोली माझ्या ताब्यात आहे. माझं नाव वर्ना. रायनो आणि मी एकाच गावच्या एकाच शाळेतले, त्यामुळे त्याच्या प्रोफेसरपणाचं दडपण मला कधी आलं नाही.

टाळ्या भरपूर पडायच्या, मार्क मात्र पडायचे नाहीत. परीक्षा झाली की रायनो पेपरांचा गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत यायचा, उंच स्टुलावर बसायचा आणि लाल पेन चालवत चरफडायचा.

"यंदाची पोरं अभ्यासच करत नाहीत, वर्ना."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालास."

"गेल्या वर्षीचीही करत नव्हती."

एका वर्षी त्याने हॉकीला दोष दिला, एका वर्षी बर्फाला, आणि एकदा तर कॅन्टीनमध्ये नव्याने सुरू झालेल्या पिझ्झ्याला. स्वतःच्या शिकवण्याला दोष द्यावा असं काही त्याला कधी दिसलंच नाही. टाळ्या पडत असताना ते कुणाला दिसणार?

मग आमचा विभागप्रमुख बर्ट याने मारिसोल ट्रेविन्योला नोकरीवर घेतलं. बर्ट म्हणजे भांडणाची चाहूल लागली की चष्मा काढून पुसायला लागणारा माणूस. मारिसोल टेक्सासातल्या लारेडोची. तिथे ऑक्टोबरात लोक पंखे लावून झोपतात, त्यामुळे ही पोरगी सप्टेंबरच्या पहिल्या मीटिंगला आली तीच गळ्याभोवती मफलर गुंडाळून. भौतिकशास्त्र मुलांच्या डोक्यात कसं शिरतं आणि कुठे अडतं, हाच तिच्या अभ्यासाचा विषय होता. रायनोला हा विषय आहे हेच मान्य नव्हतं.

"यंदा हा कोर्स तुम्ही दोघांनी मिळून शिकवायचा," बर्ट म्हणाला.

"मिळून म्हणजे कसं?" रायनोने विचारलं. "मी बोलणार. आणि ही काय करणार?"

"ती विचारणार." बर्टचा चष्मा हातात आला होता.

"कुणाला?"

"मुलांना."

"मुलांना काय माहीत असतं?"

"तेच तर विचारायचंय," मारिसोल म्हणाली.

तिची पद्धत साधी होती. पडद्यावर प्रश्न लावायचा, खाली चार उत्तरं. मुलांनी आपापल्या फोनवर एक उत्तर दाबायचं. कुणी काय दाबलं ते कुणाला कळत नाही, पण किती जणांनी काय दाबलं ते पडद्यावर उभ्या पट्ट्यांनी दिसतं. ज्या उत्तराला जास्त मतं, त्याची पट्टी उंच.

अडचण एवढीच होती की रायनोच्या वर्गात फोनला बंदी होती. दारातच त्याने एक लाकडी खोका ठेवला होता. पोरांनी आत येताना फोन त्यात टाकायचा. खोक्यावरून दोघांची आठवडाभर जुंपली.

"तुझी ती खेळणी वर्गात आली की पोरं मांजराचे व्हिडिओ बघतील," रायनो म्हणाला.

"आत्ता ती तुम्हाला बघतात, रायनो. निकाल तर तोच लागतोय."

मला हसू आलं ते मी खोकल्यात दडपलं. शेवटी तह झाला: तासाची शेवटची दहा मिनिटं मारिसोलची. खोका माझ्या खोलीत आला आणि मी त्यात हरवलेले हातमोजे ठेवायला लागले.

पहिलं मतदान झालं त्या दिवशी रायनोने मुद्दाम आपलं हुकमी लेक्चर काढलं होतं. वर फेकलेला चेंडू. तो वर जाताना कसा मंदावतो, क्षणभर कसा थांबतो, मग कसा परत येतो, आणि या सगळ्या वेळात पृथ्वी त्याला कशी एकसारखी खाली ओढत असते. हे सांगताना तो टेनिसचा चेंडू न बघता फेकायचा आणि न बघता झेलायचा. टाळ्या पडल्या. रायनोने मारिसोलकडे बघून मान झुकवली, म्हणजे आता तुझी दहा मिनिटं, बघू काय दिवे लावतेस.

मारिसोलने पडद्यावर प्रश्न लावला. चेंडू सगळ्यात वर पोचला, त्या क्षणी त्याचं त्वरण किती? एक, शून्य. दोन, वरच्या दिशेने. तीन, खालच्या दिशेने, आधी होतं तेवढंच. चार, चेंडूच्या वजनावर अवलंबून.

उत्तर तिसरं. रायनोने ते पाच मिनिटांपूर्वी चार वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं होतं. पोरं फोनवर वाकली, आणि पडद्यावर पट्ट्या उगवल्या. शून्याची पट्टी इतकी उंच होती की बाकीच्या तिन्ही तिच्या पायाशी बसल्यासारख्या दिसत होत्या.

रायनो पडद्याजवळ गेला. चष्मा वर करून बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वर्ना, मशीन बिघडलंय. वायर बघ."

"वायरच नाहीये, रायनो."

"मग तेच बिघडलं असेल."

"मशीन ठीक आहे," मारिसोल हळूच म्हणाली.

रायनोचे कान लाल झाले. त्याने खडू उचलला आणि तोच भाग पुन्हा समजावला. पहिल्यापेक्षा मोठ्याने, आणि प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढत. "कळलं?" त्याने विचारलं. तीनशे माना हलल्या. "घे आता मत," तो म्हणाला.

शून्याची पट्टी आणखी थोडी वर गेली.

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. बर्ट मागच्या दारात उभा होता, तो चष्मा पुसत बाहेर निघून गेला. मारिसोल मात्र शांत होती. ती पोरांना म्हणाली, "उत्तर मी सांगणार नाही. शेजारच्याकडे वळा, आणि त्याचं उत्तर वेगळं असेल तर तो कसा चुकतोय ते त्याला पटवा. दोन मिनिटं."

मग जो कालवा उठला तो मी त्या सभागृहात कधी ऐकला नव्हता. नुसता मासळीबाजार. एक मुलगा पेन वर फेकून फेकून दाखवत होता. एक मुलगी शेजाऱ्याला विचारत होती, "अरे, पण वर गेल्यावर ओढ बंद झाली तर तो खाली येईलच कशाला? तिथेच लटकेल की!" मागच्या रांगेत तर दोघं उभे राहून भांडत होते. दोन मिनिटांनी पुन्हा मत घेतलं, तेव्हा शून्याची पट्टी खाली बसली होती आणि तिसरी तिच्या डोक्यावर चढली होती.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. या टाळ्या त्यांनी स्वतःसाठीच वाजवल्या होत्या. रायनो खडू हातात धरून तसाच उभा राहिला.

तास संपल्यावर तो माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसला. त्याची बायको आर्लीन रोज त्याला मांस-बटाट्याची पेस्टी बांधून देते. ती त्याने कागद उलगडून समोर ठेवली आणि नुसता तिच्याकडे बघत राहिला.

"गार होतेय," मी म्हणाले.

"मी चार वेळा सांगितलं, वर्ना. चार वेळा. आणि कुठलं तरी शेंबडं पोरगं पेन फेकून दाखवतं, तर यांना लगेच कळतं?"

"त्या शेंबड्या पोराला गेल्याच आठवड्यात कळलेलं असणार. कुठे अडतं ते त्याला अजून आठवत असेल. तुला कळून जमाना झाला."

तो हलक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे दर वर्षी असंच होत असणार. ती शून्याची पट्टी दर वर्षी तिथे होती. मला दिसत नव्हती, एवढंच." आणि पेस्टी तशीच टाकून निघून गेला. मी त्याला लहानपणापासून ओळखते. हा माणूस स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा जेवण टाकून उठला नव्हता. मला त्याची थट्टा करवेना.

पुढच्या तासाला तो आला नाही. सर्दी झालीय, असं त्याने कळवलं. मारिसोलने एकटीने शिकवलं आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाली, "मी फार पुढे गेले का हो, वर्ना? मला त्यांना खाली पाडायचं नव्हतं."

"सर्दी आहे," मी म्हणाले. "तीन दिवसांत बरी होते."

चौथ्या दिवशी सकाळी रायनो मारिसोलच्या खोलीत शिरला, कोट न काढता. तिचे पुढच्या आठवड्याचे प्रश्न त्याच्या हातात होते.

"हे काय आहे?" त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. "हे चुकीचं उत्तर कोण दाबणार आहे?"

मारिसोल गोंधळली. "कुणीतरी दाबेल."

"कुणीही दाबणार नाही. इतकं मूर्ख पोरगं आमच्या गावात जन्माला येत नाही. चुकीचं उत्तर कसं पाहिजे? दिसायला शहाणं पाहिजे. हे बघ, इथे पोरं काय करतात? वेग आणि त्वरण यांची गल्लत करतात. आणि इथे? हालतंय म्हणजे कुणीतरी ढकलतच असणार, असं धरून चालतात. मी इतकी वर्षं यांचे पेपर तपासलेत, बाई. बरोबर उत्तर एकच असतं, त्यात काही मजा नाही. चुका मात्र मला सगळ्या नावानिशी ओळखीच्या आहेत."

मारिसोलने खुर्ची सरकवून दिली. "बसा," ती म्हणाली. "कोट काढा आधी."

तिथून पुढे मतदानाला रंग चढला. रायनोने लिहिलेली चुकीची उत्तरं इतकी पटणारी होती की पोरं धडाधड त्यांत पडायची, मग शेजाऱ्याशी कडाकडा भांडायची आणि बाहेर यायची. दहा मिनिटांची वीस झाली, वीसची तीस, आणि रायनोने एकदाही घड्याळ दाखवलं नाही. दोघांत पैज लागायला लागली: सगळ्यात उंच पट्टी कुठली येणार? जो हरेल त्याने दुसऱ्याच्या गाडीवरचा बर्फ काढायचा. नोव्हेंबरचा बर्फ तोवर सुरू झाला होता. रोज सकाळी खिडकीतून दिसायचं: टेक्सासची विदुषी दोन टोप्या घालून रायनोच्या जुन्या ट्रकभोवती फावडं मारतेय, आणि रायनो कॉफीचा पेला धरून सूचना देतोय.

"कोपऱ्यातला राहिला गं, मारिसोल."

"दिसतोय मला!"

"आमच्याकडे लहान मुलं याहून चांगलं काढतात."

"तुमच्याकडे लहान मुलांना दुसरं काही करायला असतं कुठे?"

रायनो जिंकतच गेला, आणि जिंकत गेलेला रायनो म्हणजे सांभाळायला अवघड प्रकरण. मारिसोलने एक नवा प्रयोग आणला तेव्हा तो अशाच भरात होता.

आजकालच्या प्रत्येक फोनमध्ये त्वरण मोजणारा एक बारीकसा तुकडा असतो. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं ते त्याच्यामुळे. मारिसोलने सगळ्यांना एक ॲप उतरवून घ्यायला लावलं, म्हणजे तो तुकडा काय मोजतो त्याचा ग्राफ पडद्यावर बघता येईल. मग प्रश्न लावला: फोन टेबलावर गप पडून आहे तेव्हा तो काय दाखवेल, आणि वरून सोडून दिला तर पडता पडता काय दाखवेल?

मतदान सुरू व्हायच्या आतच रायनो बोलून गेला. "सोपं आहे! पडून आहे तेव्हा शून्य. पडतोय तेव्हा नऊ पॉइंट आठ. पडणाऱ्या वस्तूचं त्वरण आपण सप्टेंबरात शिकलो."

मारिसोल त्याच्याकडे बघत राहिली. "नक्की, रायनो?"

"नक्की? अगं, हे चुकलं तर यंदाचा बर्फ वितळेपर्यंत तुझी गाडी मी साफ करतो!"

पोरांनी एका सुरात "ओऽऽ" केलं. पट्ट्या उगवल्या, तर जवळजवळ सगळा वर्ग रायनोच्या बाजूने. प्रोफेसर कोस्केला म्हणतात म्हणजे तेच. तेवढ्यात उजवीकडच्या रांगेतून एक हात वर आला. केल्सी लुसिअर. मुलींच्या हॉकी संघाची गोलकीपर, वर्गात कधी न बोलणारी पोरगी.

"सर, मला उलटं वाटतं," ती म्हणाली.

"उलटं म्हणजे?"

"पडून असताना नऊ पॉइंट आठ. पडताना शून्य."

सभागृह हसलं. रायनोही हसला, पण प्रेमाने. "ये, करूनच बघू."

मी माझ्या खोलीतून फोमच्या दोन गाद्या आणून सभागृहाच्या सज्जाखाली अंथरल्या. मारिसोलने स्वतःचा फोन एका लोकरीच्या मोज्यात घातला, आणि तो मोजा घेऊन रायनो स्वतः जिना चढून सज्जात गेला. ग्राफ मोठ्या पडद्यावर दिसत होता. रायनोने मोजा कठड्यावर ठेवला. रेघ वर जाऊन स्थिर राहिली: नऊ पॉइंट आठ.

"हां, हे जरा..." रायनो म्हणाला. "याला नीट जुळवलेलं नसेल."

"सोडा, सर!" पोरं ओरडली.

त्याने सोडला. मोजा पडत होता तेवढ्या वेळात रेघ धाडकन खाली येऊन शून्यावर सपाट झाली. मग गादीवर आपटल्याचा एक उंच सुळका, आणि पुन्हा नऊ पॉइंट आठ.

कुणी हसलं नाही. सगळे सज्जाकडे बघत होते. रायनो कठड्याला धरून पडद्याकडे बघत होता, आणि खालूनसुद्धा मला त्याचे कान दिसत होते. मारिसोलने तोंड उघडलं, बहुतेक त्याला सावरून घ्यायला. त्याने हात वर करून तिला थांबवलं.

तो जिना उतरून खाली आला. फळ्याकडे गेलाच नाही. उजवीकडच्या रांगेत शिरला, "जरा सरक रे," असं एका पोराला म्हणाला आणि केल्सीच्या शेजारच्या घडीच्या खुर्चीत बसला. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत तो कधी बसला नव्हता. गुडघे पुढच्या खुर्चीच्या पाठीला टेकत होते.

"सांग मला," तो म्हणाला. "मी चुकलोय असं समजून सांग."

"सर, तुम्ही चुकलाच आहात."

"बरं. मग समजायचीही गरज नाही. सांग."

केल्सी आधी अडखळली, मग म्हणाली, "मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा असतो ना, सर? त्याला मासा लावा. काटा हातात धरला की स्प्रिंग ताणते आणि वजन दिसतं. आता काटा माशासकट गच्चीवरून सोडून द्या. दोघंही बरोबरच पडणार. मग मासा काट्याला ओढणार कसा?"

"नाही ओढणार," रायनो सावकाश म्हणाला. "स्प्रिंग सैल पडणार. काटा शून्य दाखवणार."

"फोनच्या आत तसाच काटा आहे. बारीक. आणि एक बारीकसा मासा. फोनला पृथ्वी कळत नाही, सर. आतला मासा स्प्रिंगला किती ओढतोय, तेवढंच कळतं."

रायनोने विचार केला. सगळा वर्ग त्याचा विचार संपायची वाट बघत होता.

"मासा मेलेला आहे का?"

"केव्हाचाच, सर."

तेव्हा कुठे सभागृह हसलं, आणि रायनो सगळ्यांत मोठ्याने. खुर्चीतूनच तो मारिसोलला ओरडून म्हणाला, "मला माझं उत्तर बदलायचंय! पुन्हा मत घे. आणि तुम्ही काय बसलायत? शेजाऱ्याकडे वळा! मी म्हटलं म्हणून डोळे मिटून दाबलंत, लाज नाही वाटत?"

दुपारी बर्ट माझ्या खोलीत डोकावला. रायनो पेस्टी खात होता. बर्ट भला माणूस, त्याने वाट काढून द्यायची म्हणून म्हटलं, "ऐकलं मी सकाळचं. मुद्दाम चुकलास ना? मुलांना विचार करायला लावायचा म्हणून? छान युक्ती."

पळवाट समोर उघडी होती. रायनोचा घास तोंडातच थांबला. मी त्याच्याकडे बघत होते, आणि खरं सांगते, त्याचा मोह मला स्पष्ट दिसला. मुद्दाम चुकलो म्हटलं असतं तर महिन्याभरात गावाने तेच खरं मानलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "साफ चुकलो."

बर्टला चष्मा पुसायचंही सुचलं नाही.

त्या हिवाळ्यात रायनोने मारिसोलच्या गाडीवरचा बर्फ काढला. त्या वर्षी बर्फानेही कसर ठेवली नाही. येणारी जाणारी पोरं त्याला विचारायची, "सर, फावडं पडताना त्याचं वजन किती?" आणि तो बर्फाचा गोळा करून त्यांच्या मागे फेकायचा. मारिसोल कॉफी घेऊन उभी राहायची, पण "कोपऱ्यातला राहिला" असं ती कधी म्हणाली नाही. एकदा तर ती दुसरं फावडं घेऊन आली आणि रायनोच्या ट्रकवरचा बर्फ काढायला लागली. आपण पैज जिंकलोय हे ती विसरली असावी.

परीक्षेचा निकाल लागला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. नापास व्हायचे ते काही झालेच. पण वर फेकलेल्या चेंडूचा प्रश्न बहुतेकांनी बरोबर सोडवला होता, आणि लाल पेन चालवताना रायनो फारसा चरफडला नाही. एक पेपर वाचता वाचता तो थांबला आणि खूश होऊन म्हणाला, "वर्ना, ही चूक नवीन आहे! अशी कुणी केली नव्हती." आणि ती बाजूला लिहून घेतली.

पुढच्या वर्षी त्याचं वेड आणखी वाढलं. विभागाच्या मीटिंगमध्ये कॉफी कुठली आणायची यावर त्याने मत घेतलं. चर्चच्या जेवणात बटाट्याचं सॅलड कुणाचं चांगलं, यावर घेतलं, आणि आर्लीन तिसरी आली, तेव्हा आठवडाभर घरात कुणी त्याच्याशी बोललं नाही. शेवटी मारिसोललाच त्याला आवरावं लागलं.

"रायनो, आज एकही प्रश्न नको. आज नुसतं बोला. तुम्ही छान बोलता."

"पण त्यांना कळतंय की नाही, ते मला कसं कळणार?"

"उद्या विचारू. आज बोला."

तो बोलला. मी मागे उभी राहून ऐकत होते. मारिसोल पहिल्या रांगेत बसली होती, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत तिचे हात सगळ्यांत वर होते.

मार्चमध्ये मारिसोल लहान बहिणीच्या लग्नाला लारेडोला गेली. आठवडाभर वर्ग एकट्या रायनोचा. नेमकं त्याच आठवड्यात वादळ आलं आणि विद्यापीठाचं नेटवर्क बंद पडलं. पडदा काळा, फोन मुके. मला वाटलं, आता हा खडू घेऊन तासभर बोलणार आणि संपलं. दुपारी तो माझ्या खोलीत आला आणि माझ्याच टेबलावरच्या जुन्या, तारेच्या फोनवरून त्याने मारिसोलला फोन लावला. पलीकडून ढोल-बाजाचा आवाज येत होता.

"रायनो? काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

"नेटवर्क गेलं."

"अरे देवा. मग काय केलंत?"

"डोळे मिटायला लावले. म्हटलं, छातीशी बोटं धरून दाखवा. एक बोट, दोन बोटं, तीन, चार. मी मोजली."

"आणि?"

"लबाड आहेत. निम्मे किलकिले डोळे करून शेजाऱ्याची बोटं बघत होते. मग भांडायला लावलं, मग पुन्हा मोजली. सुधारली."

मारिसोल हसली, आणि मग जरा अवघडून म्हणाली, "आज लग्न आहे, रायनो. मला नाचायला बोलावतायत."

"नाच, नाच. फक्त एकच सांग. उद्याच्या प्रश्नाला तिसरं चुकीचं उत्तर सुचत नाहीये मला. घसरगुंडीवरचा ठोकळा आहे."

"घर्षण आहे की नाही?"

"आहे."

"थांबा, मी बाहेर येते. इथे फार आवाज आहे."

रायनोने स्टूल पुढे ओढलं आणि पेन उघडलं. हे काही पाच मिनिटांत आटोपणारं प्रकरण नव्हतं. मी कोट चढवला, दिवा तसाच ठेवला आणि घरी निघाले.